काळ्या मातीत बटेरांसाठी झाडा-गवताचं जाळीघर: पायापासून अंड्यापर्यंत सगळं

बटेर, म्हणजे पाळायचा लावा पक्षी, म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकावर एक रचलेले पिंजरे येतात, अन् व्हिडिओवाले तर दुसऱ्याच मिनिटाला महिन्याला किती लाख ते सांगायला लागतात. हा लेख त्यासाठी नाही हे आधीच सांगून टाकतो. घरामागं किंवा शेतातल्या आखाड्यावर थोडी जागा आहे, घरापुरती अंडी पाहिजेत, अन् जाळी लावलेल्या घरात पक्षी जमिनीवर मोकळे फिरताना, गवतात लपताना, मातीत लोळताना बघायची हौस आहे, अशा माणसासाठी लिहायलोय. पिंजऱ्यात एका चौरस फुटात चार-पाच बटेर कोंबतात, आपण एका बटेराला चार चौरस फूट द्यायलोत, त्यामुळं धंद्याचं गणित इथं बसणार नाही, हौसेचं मात्र छान बसतं.

यातलं पक्षी सांभाळणं सोपं आहे. अवघड आहे ती जमीन. पुण्याकडच्या किंवा कोकणातल्या माणसाचं बघून जसंच्या तसं आपल्या मराठवाड्यात केलं तर पहिल्याच पावसाळ्यात चिखल होतो, कारण आपली काळी माती पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अन् ह्या दोन्ही गोष्टी बटेराच्या जिवावर उठणाऱ्या आहेत. म्हणून निम्मा लेख जमिनीवरच आहे, कंटाळू नका.

पक्षी कोणता, अन् कायदा काय

पाळायचा तो जपानी बटेर, म्हणजे जपानी लावा. आपल्याकडं रब्बीची ज्वारी काढताना पायाखालून भुर्रकन उडतात त्या रानातल्या लाव्हऱ्या वेगळ्या. त्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा आहे, "शेतात सापडली म्हणून ठेवली" हे चालत नाही. बाजारात कुणी झोळीतून रानातल्या लाव्हऱ्या विकायला आणल्या तर घ्यायच्या नाहीत. जपानी बटेर आपल्या देशात १९७४ साली कॅलिफोर्नियातून आणला, पुढं बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं त्याच्या जाती तयार केल्या, कॅरी उत्तम, कॅरी उज्ज्वल, कॅरी श्वेता, कॅरी पर्ल वगैरे. उत्तम मांसासाठी भारी, पर्ल अंड्यासाठी. जाळीघरासाठी मी तरी साधा तपकिरी रंगाचाच घ्या म्हणेन. पांढरा दिसायला छान, पण गवतात लपून राहायची त्याची सोयच नाही, शिक्र्याला अन् कावळ्याला लांबून दिसतो, अन् लहानपणी नर-मादीही पटकन कळत नाही.

खरेदी करताना पक्षी कुठून आला ते विचारा, पिल्लं नोंदणी असलेल्या हॅचरीतून घ्या अन् पावती जपून ठेवा. उद्या कुणी विचारलंच तर "हे फार्मचे आहेत" हे त्या कागदानंच सिद्ध होतं.

केव्हा सुरुवात करायची

बहुतेक लोकं आधी पक्षी आणतात, मग जाळी शोधायलेत, मग झाडं लावायलेत. उलटं करा. उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाया अन् सांगाडा, कारण तेव्हा माती वाळलेली असते, भेगा कुठं पडतात ते डोळ्यानं दिसतं, अन् मिस्त्रीही मोकळा असतो. जूनचा पहिला-दुसरा पाऊस झाला की आत झाडं अन् गवत लावायचं. पावसाळाभर ते मुळं धरू द्यायचं. पक्षी सोडायचे ते सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर. तोवर गवताचे थोंब गुडघ्याएवढे झालेले असतात, ऊन सौम्य असतं, अन् पुढचे चार महिने पक्ष्यांना आपल्याकडची सगळ्यात चांगली हवा मिळते. जूनमध्येच पक्षी सोडले तर कोवळं रोप दोन दिवसांत उपटून, तुडवून, त्याच्या बुडाशी लोळून संपवतात.

जागा अन् माप

१० बाय १२ फुटांचं धरू. १२० चौरस फूट झाले. त्यात २४ माद्या अन् ६ नर, एकूण ३०. यापेक्षा जास्त मावतील, मावण्याचा प्रश्न नाही, पण मग गवत टिकत नाही, जमीन ओली अन् घाण होते, अन् शेवटी आपण पिंजऱ्याशिवायचा पिंजरा करून ठेवतो. पहिल्या वर्षी पंधरा-वीसच ठेवा असं म्हणेन.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत खोल येत नाही. पश्चिमेची बाजू बंद पाहिजे. आपल्याकडं उन्हाळ्यातलं दुपारनंतरचं ऊन तिकडूनच भाजतं अन् पावसाचा सपकाराही बहुतेक वेळा तिकडूनच येतो. त्यासाठी पत्रा लावू नका, तापतो. तुराट्यांचा कूड करा. तूर काढल्यावर तुराट्या मोप पडलेल्या असतात, दोन थर आडवे-उभे बांधले, वरून शेणमातीनं लिंपलं तर दोन-तीन वर्षं बघायला लागत नाही. पऱ्हाट्याही चालतात पण लवकर किडतात.

निंबाच्या सावलीत जागा असेल तर उत्तम. चिंचेखाली नको, खाली काही नीट उगवत नाही. विहिरीजवळची खोलगट जागा तर नकोच नको.

पाया, इथं पैसे वाचवायचे नाहीत

आखणी केली की आतली काळी माती एक फूट खोल काढून बाहेर टाका. खाली मुरूम लागला तर नशीब, नाही लागला तर एक-दोन ट्रॉली मुरूम आणून भरायचा, पाणी मारून धुम्मसनं ठोकायचा. मुरमाची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ इंच वर आली पाहिजे, एका बाजूला किंचित उतार. त्यावर तीन-चार इंच जाडसर वाळू. बाहेरून चारी बाजूंनी चर काढा, पाणी थांबायला नको.

मुरूम भरताना झाडांसाठी खड्डे सोडून ठेवायचे, प्रत्येकी दीड फूट रुंद, त्यात काढलेलीच काळी माती, कुजलेलं शेणखत अन् थोडी वाळू मिसळून भरायची. म्हणजे झाडाला पाहिजे ती माती झाडाच्या बुडाशी, अन् पक्ष्याला पाहिजे ती कोरडी जमीन बाकी सगळीकडं.

हे एवढं का करायचं ते सांगतो. ओल्या काळ्या मातीत बटेर फिरला की त्याच्या बोटांच्या टोकाला मातीचा गोळा चिकटतो. दिवसभरात तो वाळतो, वरून दुसरा थर बसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा होता तो बोराएवढा होतो, अन् दगडासारखा टणक. पक्षी लंगडायला लागतो, नख आतल्या आत दबतं, बोट काळं पडतं. तो गोळा ओढून काढायचा नाही, नखासकट निघतो. कोमट पाण्याच्या वाटीत पाच-दहा मिनिटं पाय बुडवून धरायचा अन् विरघळू द्यायचा. तीस पक्ष्यांचे साठ पाय असं करत बसण्यापेक्षा दोन ट्रॉली मुरूम स्वस्त पडतो.

खांब नुसते काळ्या मातीत रोवू नका, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, वर्षभरात सांगाडा तिरका होतो अन् दाराची कडी बसत नाही. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या अन् काँक्रीट टाका.

जाळी, छत, दार

बाजारात जी षटकोनी पातळ कोंबडीजाळी मिळते ती कुत्रं दातानं फाडतं. वेल्डमेश, म्हणजे तारा वितळवून जोडलेली चौकोनी जाळी घ्या, अर्धा इंची. खालचे दोन फूट पाव इंची लावता आली तर बारीक साप अन् उंदराची पिल्लंही अडतात. चारी बाजूंनी खाली एक फूट विटांचा कट्टा करा, कारण मुंगूस अन् मांजर रात्री जाळीला चिकटून बसलेल्या पक्ष्याचा पाय बाहेर ओढतात. पक्षी आत असतो, जाळी शाबूत असते अन् सकाळी पाय नसतो. कट्टा असला की त्यांना पक्षी दिसतही नाही अन् त्यांचा पंजा पोचतही नाही.

खोदून येणाऱ्यांसाठी बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळीची पट्टी जमिनीवर आडवी पसरा, कट्ट्याला बांधा, वरून दगड-माती टाका. घूस भिंतीच्या बुडाशीच खोदायला सुरू करते, तिला जाळी लागते, अन् दोन फूट मागं जाऊन खोदायची अक्कल तिला सहसा होत नाही. उन्हाळ्यात कट्ट्याला लागून भेग पडली तर लगेच मुरूम अन् वाळूनं बुजवा, त्या भेगा म्हणजे उंदरांचा अन् त्यांच्यामागं येणाऱ्या धामण-नागाचा रस्ताच आहे.

छताबद्दल एक गोष्ट ज्याला माहीत नाही त्याचे पक्षी मरतात. बटेर घाबरला की पळत नाही, सरळ वर झेप घेतो, रॉकेटसारखा. वर पत्रा किंवा कडक जाळी असेल तर डोकं फुटतं किंवा मान मोडते. म्हणून छत एकतर फूट-सव्वा फुटावर असावं, म्हणजे वेग धरायला जागाच नाही, नाहीतर माणूस उभा राहील एवढं उंच. अधलं-मधलं तीन-चार फुटांचं सगळ्यात घातक. आपलं साडेसहा-सात फूट उंच ठेवायचं, अन् छताच्या एक फूट खाली मऊ नायलॉनची जाळी थोडी सैल टांगायची. धडकला तरी झोळीत पडल्यासारखा परत खाली येतो.

वरचा दोनतृतीयांश भाग पत्र्याचा, त्यावर उसाचं पाचट किंवा कडबा दाबून बांधलेला, अन् पत्रा बाहेर तीन फूट निघालेला. उरलेला एकतृतीयांश नुसती जाळी, म्हणजे झाडांना ऊन अन् पाऊस मिळतो. खाद्य-पाणी मात्र कायम पत्र्याखाली, कारण उघड्या भागात वरून कावळ्या-बगळ्यांची विष्ठा पडते. दार दुहेरी करा. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. घरात लहान लेकरं असतील तर हे लागणारच.

आत काय लावायचं

बटेराला झाड नको, झुडूप अन् गवत पाहिजे. त्याला आडोसा दिसला की तो शांत राहतो, उडत नाही, नर एकमेकांना टोचत नाहीत, मादी अंडी आडोशाला घालते. आपल्याकडं मिळणाऱ्यांत सगळ्यात कामाचा गवती चहा. थोंब पसरतो, पानं वरून वाकतात अन् खाली बरोबर बटेराच्या उंचीचा बोगदा तयार होतो. पक्षी तो खातही नाहीत. चार-पाच थोंब लावा. त्याच्या जोडीला वाळा, अडुळसा, तुळस. उघड्या भागात मारवेल लावलं तर त्याची पानं-बी खातात, अन् ते पुन्हा फुटतं. बाहेरच्या बाजूनं जाळीवर दोडका, घोसाळं, गोकर्ण चढवा, मार्च-एप्रिलपर्यंत वेल भरला पाहिजे, सावलीही अन् भाजीही.

मेथी, कोथिंबीर, राजगिरा आत पेरून काही उपयोग नाही, वर यायच्या आत फस्त. ते बाहेर टोपल्यात उगवून रोज मूठभर टाकायचं.

नवीन रोपाच्या बुडाभोवती चपटे दगड मांडा, नाहीतर सगळे तिथंच लोळून मुळं उघडी करतात. लोळायची हौस भागवायला एका कोरड्या कोपऱ्यात पत्र्याखाली जुनं टायर नाहीतर फुटकं टोपलं ठेवून त्यात बारीक वाळू अन् चुलीतली चाळलेली राख भरा. ह्यातच त्यांच्या अंगावरच्या उवा-पिसवा जातात, औषध मारायची वेळ कमी येते. राख लाकडाचीच, प्लास्टिक-कचरा जाळलेली नको.

काय लावायचं नाही तेही ऐका, कारण हे सगळं आपल्या बांधावर फुकट मिळतं म्हणून लोकं लावून टाकतात: कण्हेर, एरंड, धोतरा, रुई, घाणेरी, गुंज. सगळी विषारी. गाजरगवत दिसलं की उपटा.

अन् एक सुचवणं, जागा असेल तर मधोमध जाळीची आडवी भिंत घालून दोन खोल्या करा, मध्ये छोटं दार. दोन-अडीच महिने एका खोलीत पक्षी, तोवर दुसरीतलं गवत सावरतं, वरची वाळू खोऱ्यानं ओढून उन्हात तापते, जंत-जिवाणू कमी होतात. पक्षी तेवढ्यापुरते दाटीनं राहतील म्हणून असं करायचं तर वीसच्या वर जाऊ नका. जमिनीवरच्या पक्ष्यांचे निम्मे आजार त्याच त्याच मातीत वर्षानुवर्षं ठेवल्यानं होतात, अन् ह्याला औषधापेक्षा ही रिकामी खोलीच जास्त लागू पडते.

पक्षी सोडताना

पाच-सहा आठवड्यांचे घ्या. तेव्हा तपकिरी जातीत नर-मादी छातीवरून सरळ कळते, नराची छाती विटकरी अन् साधी, मादीची फिकट अन् त्यावर काळे ठिपके. नराच्या शेपटीखाली गाठ असते, दाबली की पांढरा फेस येतो. तीन-चार माद्यांना एक नर बास. जास्त नर ठेवले तर माद्यांच्या डोक्याची पिसं काय, कातडीसुद्धा सोलून काढतात. विकणारा "जोडीनंच देतो" म्हणला तर नर वेगळे ठेवायची तयारी ठेवा, किंवा दुसरीकडं बघा.

आणल्या आणल्या मोकळे सोडू नका. आतच एका कमी उंचीच्या झाकलेल्या पिंजऱ्यात चार-पाच दिवस ठेवा, खाद्य-पाणी तिथंच. आवाज, सावल्या, कुत्र्याचं भुंकणं ह्याची सवय होऊ द्या. मग संध्याकाळी दार उघडून बाजूला व्हा, आपले आपण निघतात. पहिल्या आठवड्यात आत जाताना रोज एकाच रंगाचे कपडे घातले तर कमी बुजतात, हसू येईल पण करून बघा.

गावरान कोंबड्यांबरोबर एकत्र ठेवू नका. कोंबडी मोठी आहे म्हणून नव्हे, तिला काही न होता ती जे आजार अंगावर बाळगते त्यानं बटेर दोन दिवसांत मरतो. वर फांद्यांवर बजरीगार किंवा झेब्रा फिंच असे छोटे परदेशी पक्षी ठेवायचं कुणाच्या मनात येतं, ठेवता येतात, पण त्यांच्या बसायच्या काठीखाली खाद्य-पाणी नको. आपल्या रानातल्या मुनिया किंवा पोपट मात्र अजिबात नाही, तो परत कायद्याचा विषय.

खाणं-पाणी

मोठा बटेर दिवसाला २०-२५ ग्रॅम खातो. ३० पक्ष्यांना साधारण पाऊण किलो, महिन्याला बावीस-तेवीस किलो. ५० किलोची बॅग दोन महिने पुरते असा हिशोब करून पावसाळ्यात एकदम घेऊ नका, बुरशी लागते अन् बुरशीचं विष बटेराला फार लवकर बाधतं. शेंगदाण्याची पेंड अन् भिजलेली मका ह्यात ते जास्त असतं, वास कुबट आला की फेकून द्या, "थोडंच आहे" म्हणून मिसळू नका.

पिल्लांना २४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, अंड्यावरच्या माद्यांना २० च्या आसपास. बटेराचं वेगळं खाद्य मिळालं तर बरं, नाही मिळालं तर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं पहिलं खाद्य चालतं, पिल्लांसाठी मिक्सरवर बारीक करून. नुसती बाजरी-ज्वारीची चुरी टाकून अंडी येत नाहीत, पक्षी जगतो एवढंच. राळं, बाजरी संध्याकाळी मूठभर गवतात उधळा, उकरत बसतात, त्यांना काम मिळतं.

आपल्याकडं घरोघरी सोयाबीन आहे म्हणून भरडून घालायचा मोह होतो. कच्चं सोयाबीन घालायचं नाही. त्यातल्या एका घटकामुळं प्रथिनं पचतच नाहीत, वाढ खुंटते. नीट भाजलेलं किंवा तेल काढलेली पेंड ठीक. अंड्यावर आल्या की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, ज्या मादीला लागतो ती खाते. वाळवी मिळाली तर मेजवानीच, तिच्यावर औषध मारलेलं नाही एवढं बघा.

पाण्याची भांडी उथळ, विटेवर ठेवलेली, रोज घासून. टँकरचं पाणी असेल तर गाळून, झाकून ठेवलेलं. पिल्लांच्या पाण्यात गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर बोटभर पाण्यातही बुडतात.

अंडी

सहा-सात आठवड्यांपासून सुरू होतात, एकेक १० ग्रॅमच्या आसपास. बटेर बहुतेक अंडी दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत घालतो, कोंबडीसारखी सकाळी नाही, त्यामुळं गोळा करायची वेळ दिवेलागणीची. ठिपक्यांचं अंडं वाळक्या पानांत दिसत नाही, हातानं चाचपायला लागतं, गवती चह्याच्या बुडाशी अन् कुडाच्या कोपऱ्यात हमखास. हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघा, विंचू अन् साप आपल्याकडं काही नवीन नाहीत. रोज आकडा लिहून ठेवा. अचानक कमी झाला तर कुठंतरी नवीन लपवलेला ढीग आहे, किंवा उंदीर न्यायलेत. ढीग सडला की त्याच्या वासावर मुंगूस येतंच.

पिंजऱ्यात चांगली मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, जमिनीवर त्याहून कमी धरा. अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडं डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, म्हणून संध्याकाळी तीन-चार तास छोटा एलईडी लावला तर अंडी चालू राहतात. मी म्हणेन हिवाळ्यात लावूच नका, महिना-दीड महिना माद्यांना विसावा मिळू द्या, पण ज्याला अंडी पाहिजेतच त्यानं लावावा, फक्त रोज ठरलेल्या वेळेला.

पिल्लं काढायची तर इनक्युबेटर लागतो, जपानी बटेराची मादी सहसा खुडूक बसत नाही, झाडीतल्या जाळीघरात एखादी बसते तेवढंच. गावरान कोंबडीखाली ठेवली तर तिच्या वजनानं बरीच फुटतात. सात दिवसांच्या आतली स्वच्छ अंडी घ्या, तापमान ३७.५ अंश, ओलावा ५५-६० टक्के, दिवसातून तीन-चारदा फिरवणं. चौदाव्या-पंधराव्या दिवशी फिरवणं बंद, ओलावा ६५-७० वर न्यायचा, १७-१८ व्या दिवशी पिल्लं. लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरशिवाय ह्या फंदात पडू नका.

पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं. पहिला आठवडा ३५-३७ अंश ऊब, नंतर दर आठवड्याला तीन अंश कमी. खाली गुळगुळीत पेपर टाकला तर पाय फाकतात, जुन्या सुती कपड्याचा तुकडा टाका. ब्रूडरचे, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, तांबड्या मुंग्या एका रात्रीत सगळी पिल्लं संपवतात. पिसं भरली की, तीन-चार आठवड्यांनी, थंडी नसेल तर जाळीघरात, आधी सांगितलं तसं पिंजऱ्यातून सवय लावून.

उन्हाळा

मराठवाड्यात थंडीनं बटेर मरत नाही, वारा अडवला की पुरे. मरतो तो एप्रिल-मेमध्ये, ४२-४३ अंशाला. चोच उघडी ठेवून धापा टाकायलेत, पंख अंगापासून लांब धरलेत असं दिसलं की उशीर व्हायच्या आत हालचाल करायची. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं उडवणारे फवारे लावायला आपल्याकडं पाणी कुठंय. त्यापेक्षा उत्तर-दक्षिण बाजूंना गोणपाट टांगून दुपारी दोनदा भिजवा, सावलीतली एक कोपऱ्यातली वाळू हलकी ओली करा, पक्षी तिथंच पोट टेकून बसतात. पाणी माठातलं, दुपारी बदललेलं. खाद्य सकाळी सहाच्या आत अन् संध्याकाळी सहानंतर, दुपारी भांडं उचलून ठेवा, पचवताना अंगातली उष्णता वाढते. दुपारी पक्षी पकडणं, हलवणं, पाहुण्यांना दाखवणं बंद. अंडी कमी होतील, होऊ द्या.

आजार

पावसाळ्यात ओल राहिली की रक्ताची हगवण, म्हणजे कॉक्सी. पांढरट पाण्यासारखी विष्ठा, पिसं फुगवून कोपऱ्यात बसणं अन् एकामागं एक पक्षी जाणं हा बटेराचा खास आतड्याचा आजार, आतड्यात व्रण पडतात. दोन्हींत औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच द्यायचं, कृषी केंद्रातून अंदाजानं आणलेली पुडी नको. पक्षी मेला तर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्या, परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, ताजा पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात ठेवून न्यायचा. गोठवायचा नाही.

बर्ड फ्लू हा आपल्याला लांबचा विषय राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्यात कोंबड्यांत निघाला, जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले त्यातही तोच. आजूबाजूला कावळे मरताना दिसले तर उघड्या जाळीवर ताडपत्री टाका, बाहेरची चप्पल आत न्यायची बंद करा, दाराशी चुना टाका. आपलेच पक्षी एकदम बरेच मेले तर हात लावायचा नाही, विकायचे नाहीत, खायचे नाहीत, पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात कळवायचं. लपवून काही वाचत नाही, शेजाऱ्याच्या कोंबड्याही जातात.

रोजचं काम अर्ध्या तासाचं आहे: पाणी, खाद्य, अंडी, एक चक्कर बाहेरून जाळी बघत. आठवड्याला ओला भाग उकरून वाळवायचा, दर तीन-चार महिन्यांनी वरची इंचभर वाळू काढायची अन् नवी भरायची. ती काढलेली वाळू-विष्ठा कच्चीच वांगी-मिरचीच्या बुडाशी टाकू नका, जाळते, उकिरड्यात दोन-तीन महिने कुजू द्या, मग टाका.